सहीतली फट

शाळेत ‘जोड्या लावा’ म्हणून एक प्रश्न असतो. डावीकडे काही शब्द, उजवीकडे काही शब्द, मधे रेघा ओढायच्या. बाकीची मुलं तो सोडवतात आणि विसरतात. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतल्या एका बाईंना तो केस पांढरे व्हायला लागल्यावर पुन्हा पडला, आणि असा पडला की डावीकडची यादी संपता संपेना. म्हणून त्यांचं नाव पडलं जोडीताई. जगाच्या जोड्या लावतात आणि स्वतःची लावायची राहून गेली, असं टपाल विभागातले पाठीमागे म्हणत. जोडीताईंच्या ते कानावर होतं. त्या म्हणत, बरोबरच आहे, या जोड्यांचे खेळ पाहिल्यावर कुणाची हिंमत होईल?

काम असं होतं. कचेरीचा मेनफ्रेम, म्हणजे खोलीभर पसरलेला तो जुना मोठा संगणक, गावातल्या प्रत्येक घराचं पाणीबिल तयार करून छपाईयंत्राकडे पाठवी. अक्षर दिसतं कसं, याच्याशी मेनफ्रेमला देणंघेणं नव्हतं. तो फक्त ओळीच्या आधी एक खूण पाठवी, की ही ओळ अमक्या फॉन्टमध्ये छाप. त्या त्या वळणाच्या अक्षरांचा पुरा संच, ठिपका ठिपका मांडून, छपाईयंत्राच्या पोटात ठेवलेला असे. आता ते यंत्र जाणार होतं. दुसऱ्या कंपनीचं नवं यंत्र येऊन भिंतीला टेकून उभं होतं, आणि त्याच्या पोटातले फॉन्ट निराळे होते. जुन्याचे ठिपके जाड, नव्याचे बारीक. जुन्यात उभ्या पानाचा फॉन्ट वेगळा, आडव्या पानाचा वेगळा. नवं यंत्र एकच अक्षर हवं तसं वळवून घेई. जुन्यातल्या एकेका फॉन्टला नव्यातला जोडीदार शोधायचा आणि दोघांची नावं तक्त्यात समोरासमोर लिहायची, हे जोडीताईंचं काम.

नावावर जायची सोय नव्हती. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे फॉन्ट तिथे खंडीभर होते. ‘ठळक’ म्हणवणारा अशक्त निघे, ‘बारीक’ म्हणवणारा आडवातिडवा. उंची जुळली तर रुंदी जुळत नसे. एखादं अक्षर केसाएवढं रुंद निघालं की पुढचं थोडं सरके, त्याच्या पुढचं आणखी थोडं, आणि ओळीच्या शेवटी बेरीज चौकटीबाहेर उभी राही. जोडीताई मग काचेच्या भिंगातून ठिपके मोजत. मोजता मोजता त्यांना भोवतालचा विसर पडे. छपाईघराला एकच उंच खिडकी होती, तिच्यातून दुपारचं ऊन कागदाच्या थप्प्यांवर उतरे, जुनं यंत्र एका सुरात घुमत राही, आणि अक्षरं काळी आहेत की त्यांच्या मधली पांढरी जागाच खरी आहे, ते कळेनासं होई. मधूनच त्यांना वाटे, ही सगळी अक्षरं आपापली गाठोडी घेऊन जुन्या घरातून निघाली आहेत आणि नव्या घराच्या दारात उभी राहून विचारतायत, आमची जागा कुठली? त्या एकेकाचा हात धरून आत नेत. कुणी ‘ताई, चहा’ म्हणून हाक मारली की त्या दचकून बघत, आणि कपावरच्या नक्षीची रुंदी डोळ्यांनी मोजत.

याच कचेरीत त्यांचे वडील मुख्य अधिकारी होते. जुनं यंत्र आलं ते त्यांच्याच काळात. जोडीताई तेव्हा नव्या नव्या लागलेल्या, वरच्या मजल्यावर मीटरचे आकडे भरत बसत. छपाईघराशी त्यांचा संबंध नव्हता. वडिलांची सही मोठी देखणी होती. पहिलं अक्षर घागरीसारखं पोटाळ, मधे दोन लाटा, आणि शेवटी एक लांब शेपूट, जी खाली जाऊन पुन्हा वर वळे. पेन एकदा टेकलं की सही पुरी होईपर्यंत ते उचलत नसत. यंत्रावर ती चढवायची ठरली तेव्हा कंपनीचा माणूस सहीचा नमुना घेऊन गेला, आणि पुढच्या महिन्यापासून गावातल्या प्रत्येक बिलाखाली ती छापून येऊ लागली. फक्त सहीच्या बरोबर मध्यावर, दोन लाटांच्या मधे, एक बारीक फट आली होती. वडिलांनी घरी बिल उजेडाकडे धरून पाहिलं आणि म्हणाले, “पाणीखात्याच्या मुख्याची सही, आणि तिलाच गळती.”

आईने तिथल्या तिथे पेन्सिल घेतली आणि फट भरून टाकली. “झाली दुरुस्ती,” ती म्हणाली. दोघं बराच वेळ हसले. मग दर महिन्याला बिल आलं की वडील ते आईपुढे धरत, “प्लंबरबाई, गळतंय,” म्हणत, आणि ती पेन्सिलीचं टोक जिभेला लावून फट भरी.

निवृत्तीला थोडेच दिवस राहिले असताना वडील गेले. सकाळी बूट घालायला वाकले ते उठलेच नाहीत. नवे साहेब आले, सहीखालचं नाव बदललं. सही मात्र तीच राहिली. ती बदलायची तर कंपनीचा माणूस पुन्हा बोलवा, त्याची परवानगी काढा, एवढी यातायात कोण करणार? आणि सही कुणाला वाचता येते म्हणा. त्यानंतर आणखी साहेब आले, गेले. नावं बदलत गेली आणि सगळ्यांच्या डोक्यावर वडिलांची सही छापून येत राहिली.

आई महिन्याच्या महिन्याला बिलाची वाट पाही. पोस्टमनने ते दाराखालून सरकवलं की खिडकीशी बसे, चष्मा चढवी, आणि खिडकीच्या कट्ट्यावरच्या आखूड पेन्सिलीने ती फट भरी. “आले गं तुझे बाबा,” असं आतल्या खोलीकडे तोंड करून सांगे. पहिल्यांदा जोडीताई घाबरल्या होत्या, आईचं डोकं तर फिरलं नाही ना. त्यांनी भीत भीत विचारलं तेव्हा आईने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं.

“मला काय कळत नाही होय? छापलेली आहे ती. पण फोटो तरी काय असतो, छापलेलाच ना? आणि फोटोत ते नुसते बसलेत. इथे काम करतायत.”

पुढे जोडीताईंनाही सवय झाली. स्वयंपाकघरात नळ सुटल्याचा आवाज आला की त्यांना उगीच वाटे, गावभर जमिनीखालून जे पाणी चाललंय त्याला बाबांनी सही करून सोडलंय.

तर आता यंत्र बदलायचं म्हटल्यावर या सहीचं काय होणार, हा प्रश्न जोडीताईंच्या मनात पहिल्या दिवसापासून होता. नव्या यंत्रात चित्रांसाठी वेगळा कप्पा होता. सही म्हणजे चित्रच, तेव्हा जुन्या यंत्रातही ती चित्रांमध्येच असणार असं धरून त्यांनी शोध शोध शोधली. मिळाली नाही. जुन्या यंत्रात चित्रांचा कप्पाच नव्हता. सही निराळी कुठूनतरी येत असेल, मागाहून बघू, असं म्हणून त्या पुढच्या फॉन्टकडे वळल्या. तक्त्याच्या तळाशी निरर्थक नावाचा एक आडमुठा फॉन्ट उरला होता, सहाच अक्षरांचा. ज्याला जोडी सापडत नाही त्याला संगणक आपणहून जवळचा साधा फॉन्ट चिकटवतो. त्याने तसा चिकटवला, आणि जोडीताईंनी तो छापून न बघताच मान डोलावली.

साहेबांना घाई होती. एका भागाची बिलं नव्या यंत्रावर छापून खरोखरच पाठवून बघू, असं त्यांनी ठरवलं. तो भाग नेमका जोडीताईंच्या घराचा निघाला. रकाने सरळ आले, बेरजा चौकटीत बसल्या, सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली. बिलाच्या तळाकडे कुणी बघितलंच नाही. तळाकडे बघायची सवय गावात एकाच बाईला होती.

त्या संध्याकाळी जोडीताई घरी आल्या तर बिल टेबलावर पडलेलं होतं आणि पेन्सिल कट्ट्यावर तशीच होती. जेवताना आईने वाढलं, खाल्लं, ताट उचललं. आणि मग ताट हातात धरूनच म्हणाली, “ह्या खेपेला तुझे बाबा आले नाहीत.”

जोडीताईंनी बिल उचललं. सहीच्या जागी ओळीने सहा अक्षरं छापली होती, ए बी सी डी ई एफ, आणि खाली साहेबांचं नाव. मुख्य अधिकारी बालवाडीत जाऊन आल्यासारखे दिसत होते. एरवी जोडीताई पोट धरून हसल्या असत्या. पण आईला जे एवढं एक उरलं होतं, ते आपल्याच हाताने पुसलं गेलं असं त्यांना वाटलं, आणि ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेले तेव्हा त्या जुन्या यंत्रापाशी बसल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. ज्या यंत्राला चित्र कळत नाही, ज्याला फक्त अक्षरंच कळतात, त्याच्याकडून सही छापून घ्यायची तर काय करणार? सही कापायची. तिचे सहा तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकडा ‘हे एक अक्षर आहे’ असं सांगून यंत्राला द्यायचा. मेनफ्रेम बिचारा दर बिलाखाली ए बी सी डी ई एफ पाठवत होता आणि जुनं यंत्र त्याची सही करत होतं. आणि कुठलंही अक्षर दुसऱ्याला चिकटू नये म्हणून यंत्र त्याच्या कडेला जी केसभर जागा सोडतं, ती बाकीच्या तुकड्यांत कंपनीच्या माणसाने मोडून काढली होती; सी आणि डीच्या मधे तेवढी राहून गेली आणि फट होऊन बसली होती.

त्यांनी तो फॉन्ट लावला आणि नुसता ए छापला. कोऱ्या पानावर घागर आली. मग नुसता एफ छापला. पानाच्या मधोमध शेपूट उमटली, खाली गेलेली, वर वळलेली, कुणाचीच नसल्यासारखी. त्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. खिडकीतलं ऊन थप्पीवरून खाली सरकलं होतं. त्यांना दिसलं, बाबा कोट घालून यंत्राच्या आत बसलेत, तुकड्या तुकड्याने, आणि बोलावण्याची वाट बघतायत. सगळे फॉन्ट गाठोडी घेऊन गेले, आणि यांना न्यायला कुणी आलं नाही. जोडीताईंच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी ती पुसली नाही. तिथे बघायला होतं कोण.

आता खरं तर काम सोपं होतं. ते सहा तुकडे उचलायचे, बारीक ठिपक्यांत बसवायचे आणि नव्या यंत्रात ठेवून द्यायचे. कुणाला कळलं नसतं. इतकी वर्षं कुठे कळलं होतं? पण इतकी वर्षं ते नकळत चाललं होतं, आणि आता जोडीताईंना कळलं होतं. गेलेल्या माणसाला जाणूनबुजून पुन्हा कामाला लावायचं, तेही दुसऱ्याच्या नावावर, हे त्यांना पेलवेना. बाबांनी स्वतः दुसऱ्याच्या कागदावर कधी सही केली नव्हती. आणि साहेबांना सांगावं, तर साहेब आपली सही देणार, आणि आईच्या खिडकीशी परका माणूस येऊन बसणार. दोन दिवस त्यांनी तक्त्यात काहीच भरलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या जिना चढल्या.

साहेब वयाने त्यांच्याहून लहान होते, जरा घाबरट आणि स्वभावाने बरे. कचेरीतल्या आतल्या कागदांवर ते नुसतं एक अक्षर खरडत. त्यांची पुरी सही जोडीताईंनी कधी पाहिली नव्हती. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं. बिलावर छापली जाते ती सही तुमची नाही, फार मागच्या एका साहेबांची आहे. नव्या यंत्रासाठी तुमची द्या. कोरा कागद त्यांनी पुढे केला.

साहेबांचे कान लाल झाले. मग त्यांनी पेन काढलं आणि कागदावर सही केली.

पोटाळ घागर. एक लाट. मग पेन उचललं, केसभर पुढे टेकवलं, दुसरी लाट, आणि शेपूट, खाली जाऊन वर वळलेली.

जोडीताईंनी कागद उचलून उजेडाकडे धरला.

साहेब शाळेतल्या पोराने कबुली द्यावी तसे बोलू लागले. ते या खुर्चीवर आले तेव्हा आधीच्या साहेबांनी जाता जाता सांगितलं होतं, की यंत्रातली सही बदलायची म्हणजे मोठं लचांड, त्यापेक्षा आपण बदललेलं सोपं. त्यांनाही त्यांच्या आधीच्यांनी तेच सांगितलं होतं. बिलावरची सही आणि हातची सही वेगळी दिसली तर लोक शंका काढतात. म्हणून यांनी घरी जेवणाच्या टेबलावर बसून ती गिरवली. बायको हसत होती. पुढे हात असा बसला की आता बँकेतही हीच, मुलीच्या प्रगतिपुस्तकावरही हीच. जुनी कशी करायचो ते आठवत नाही, म्हणाले.

“मूळची कुणाची ही?” त्यांनी विचारलं.

“माझ्या बाबांची.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी विचारलं की मधे पेन उचलायची लकब मोठी ऐटबाज आहे, ती बाबांना कुठून लागली? जोडीताईंनी सांगितलं, बाबा उचलत नसत. ती यंत्राची फट आहे. साहेबांना खरं वाटेना. त्यांनी न उचलता सही करून पाहिली. हात त्या जागी आला आणि आपोआप थांबला. दुसऱ्यांदाही थांबला. मग दोघंही हसायला लागले, आणि हसता हसता जोडीताईंना पुन्हा रडू फुटलं, तेव्हा साहेब उठून खिडकीबाहेर बघत उभे राहिले. चांगल्या माणसाने अशा वेळी तेवढंच करावं.

सुंठीवाचून खोकला गेला होता. सही जिवंत माणसाची होती, त्याच्या स्वतःच्या हातची, त्याच्या स्वतःच्या नावावरची. जोडीताईंनी कागद यंत्राला दाखवला आणि ती अख्खी चित्राच्या कप्प्यात गेली. तुकडे करायचं कारणच उरलं नव्हतं. पडद्यावर मोठी करून त्यांनी पाहिली. मधे फट होती. त्यांच्या मनात आलं, आईला कशाला आता म्हातारपणी दर महिन्याला डोळे फोडायला लावायचे? त्यांनी थोडे ठिपके भरले. दोन्ही लाटा एक झाल्या. बाबा करत असत, अगदी तशी सही दिसू लागली. त्यांनी एक नमुना छापला आणि मोठ्या आनंदाने घरी नेला.

आईने चष्मा चढवला, पेन्सिल घेतली, कागद खिडकीशी धरला. पेन्सिल कागदापर्यंत गेली आणि तिथे थांबली. आईने कागद जवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

“फट नाहीये,” ती म्हणाली.

जोडीताईंनी सगळी हकिकत सांगितली, साहेबांच्या लाल झालेल्या कानांसकट. आईने ती नीट ऐकली. साहेबांचं जेवणाचं टेबल ऐकून हसलीही. मग म्हणाली, छान झालीय. पाहुण्यांनी आणलेली न आवडलेली वस्तू बघून म्हणावं, तसं म्हणाली. उठून तिने पेन्सिल खणात टाकली, खण लावला, आणि परत खिडकीशी येऊन बसली. हात मांडीवर एकात एक घालून बसली. बाहेर बघत होती, पण काही बघत नव्हती.

जोडीताई तिच्या हातांकडे बघत राहिल्या. इतके दिवस त्यांनी दोन अक्षरांच्या मधली जागा मोजली होती, ती कमी झाली तर काय बिघडतं आणि वाढली तर काय, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि तरी ही एक जागा त्यांना दिसली नव्हती. आई महिन्याच्या महिन्याला सही बघायला बसत नव्हती. ती बाबांचं काम करायला बसत होती. बाबा सही करत, आई गळती बंद करी; दोघांचा संसार तेवढ्या केसभर जागेत अजून चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत जाऊन त्यांनी पहिलं काम केलं ते भरलेले ठिपके पुसायचं. साहेबांची सही आहे, साहेबांनी केली तशीच छापली पाहिजे, असं त्यांनी छपाईघरातल्यांना ठणकावून सांगितलं, कुणी काही विचारलं नसताना. त्याच आठवड्यात जुनं यंत्र बंद झालं. त्याच्या घुमण्याची एवढी सवय होती की ते थांबल्यावर सगळ्यांना कानात दडे बसल्यासारखं वाटलं. न्यायला माणसं आली तेव्हा जोडीताईंनी त्याच्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा अजून कोमट होता. आत आता कुणी उरलं नाही, याची त्यांनी मनातल्या मनात खात्री करून घेतली.

पुढचं बिल आलं त्या दिवशी त्या घरीच होत्या. दाराखालून कागद सरकल्याचा आवाज झाला. आई उठली, बिल घेऊन खिडकीशी गेली. जोडीताई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हातातली घडी तशीच राहिली. बाहेर किती तरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. कुठेतरी नळ चालू होता, बस.

“अगं,” आईची हाक आली, “माझी पेन्सिल कुठे ठेवलीस?”

“मी कुठे ठेवली? तूच टाकलीस खणात.”

“अजून गळतंय गं,” आई म्हणाली, आणि खण उघडल्याचा आवाज आला.